टुरिस्ट व्हिसावर जाऊ का, ताई?

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय २९. इंग्रजी घेऊन एमए, त्यानंतर बीएड. गेली पाच वर्षं एका अनुदानित हायस्कुलात कंत्राटावर इंग्रजी शिकवतात. हातात महिन्याला २५ हजार पडतात आणि दर जूनमध्ये नवी ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला लागलेला असतो. वडिलांची बायपास झाली आहे, भाऊ वेर्ण्याच्या एका कारखान्यात आहे, घर दुरुस्तीसाठी घेतलेलं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचं आहे. शारजामध्ये सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळेत जागा आहे, असं म्हापशाच्या एका एजंटाने सांगितलं. पगार ३,२०० दिरहम, राहायला शेअरिंगमध्ये खोली. एकूण १ लाख २० हजार द्यायचे, त्यातले ४० हजार ‘फाईल उघडायला’ आत्ता. जायचं टुरिस्ट व्हिसावर, ‘तिथे पोचल्यावर बदलून मिळतो’. एक मैत्रीण म्हणते, आधी इंग्रजी शिकवण्याचा सेल्टा कोर्स कर. दुसरी म्हणते, वडील १९५८चे आहेत ना, मग पोर्तुगीज पासपोर्ट काढ, युरोपियन म्हणून दुप्पट पगार घेशील. आई म्हणते, आधी लग्न. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘मी मराठी माध्यमातून शिकलेली. मला तिथे इंग्रजी शिकवायला कोण घेणार? आणि इथे कायम होण्याची आशा सोडून जावं का? इथे मला कुणी शिक्षिका म्हणून मोजतच नाही.’

---

तुमच्या पत्रातल्या प्रश्नांपैकी एकाचं उत्तर एका ओळीत संपतं, ते आधी देते. ते ४० हजार देऊ नका. का ते खाली सविस्तर सांगते, पण हे उत्तर छापून येईपर्यंत एजंट तुम्हाला ‘सीट जाईल’ म्हणून दोन-तीनदा फोन करेल, म्हणून घाई केली.

आता मराठी माध्यमाचं. तुमच्याच पत्रात आहे की चौथीपर्यंत गावच्या सरकारी शाळेत होता आणि पाचवीपासून तालुक्याच्या हायस्कुलात. म्हणजे गोव्यातल्या अनेक मुलांसारखं तुमचं प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पाचवीपासून एमएपर्यंतचं सगळं इंग्रजीतून झालं. भूगोल, गणित, विज्ञान सगळं इंग्रजीतून शिकून, वर इंग्रजीत एमए करून, पाच वर्षं तोच विषय शिकवून तुम्ही अजून स्वतःला ‘मराठी माध्यमाची’ म्हणता आणि ते माफी मागितल्यासारखं म्हणता. शारजाच्या शाळेतला कुठलाही प्रिन्सिपॉल तुमची चौथीची शाळा विचारणार नाही. तो पदवी, बीएड आणि अनुभव विचारेल, आणि मग वर्गात उभं करून बघेल. तेव्हा ही चिंता पत्रातून काढून टाका. उच्चारांचं थोडं काम आहे, त्याकडे येते.

आखातात इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळ्या जगांची सरमिसळ होते, आणि तुमच्या दोन्ही मैत्रिणींचे सल्ले त्या सरमिसळीतूनच आलेत. एक जग आहे भाषा संस्थांचं, विद्यापीठांच्या पूर्वतयारी वर्षाचं, ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमांच्या शाळांचं. तिथल्या अनेक जाहिरातींत सरळ लिहिलेलं असतं, अर्जदार ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्टधारक हवा. भरघोस पगार, स्वतंत्र घर, कुटुंबाची तिकिटं हे ज्या नोकऱ्यांबद्दल ऐकू येतं त्या बहुतेक या जगातल्या. भारतीय तिथे शिरतच नाहीत असं नाही. ओमान आणि सौदीच्या कॉलेजांत भारतीय प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आहे, पण ते पीएचडी किंवा लांबलचक कॉलेजचा अनुभव घेऊन गेलेले. पासपोर्ट बघून पगार ठरवणं अन्यायाचं आहे, यात वाद नाही. तुमच्या अर्जाने तो अन्याय दूर होणार नाही, इतकंच.

दुसरं जग भारतीय शाळांचं. अमिराती, ओमान, बहारीन, कतार, कुवेत, सौदी, सगळीकडे सीबीएसईच्या शाळा आहेत. ओमानमधल्या भारतीय शाळांचं मिळून एक संचालक मंडळ आहे. सौदीत जेद्दा, रियाध, दम्मामच्या इंटरनॅशनल इंडियन स्कूल भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालतात. या शाळांना इंग्रजीतली पदवी, बीएड आणि सीबीएसई किंवा तत्सम वर्गांचा अनुभव लागतो. थोडक्यात, त्यांना तुम्ही लागता. पगार पहिल्या जगापेक्षा बराच कमी असतो, काम मात्र कमी नसतं.

सेल्टा हे केंब्रिजचं १२० तासांचं प्रमाणपत्र आहे आणि ते प्रौढांना इंग्रजी शिकवण्यासाठी आहे. कोर्स चांगला आहे. पण भारतीय शाळेच्या दारात बीएडची किंमत त्याच्यापेक्षा जास्त, आणि बीएड तुमच्याकडे आहे. लाखाच्या वर फी भरून, भारतीय पासपोर्टवर, पहिल्या जगाच्या दारात उभं राहायला तो कोर्स करणार असाल तर आत्ता करू नका.

पोर्तुगीज पासपोर्टचं मला जरा रागाने लिहावंसं वाटतंय. गोव्यात कुठल्याही अडचणीवर कुणीतरी हे औषध सुचवतंच. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तिथे नोंदणी करता येते, हे खरं. पण नीट विचार करा. पोर्तुगाल इंग्रजी भाषिक देश नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या यादीत तो बसत नाही. दुसरं, आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, तिथलं घेतलं की इथलं गेलं. म्हणजे ज्या सरकारी किंवा अनुदानित नोकरीच्या आशेवर तुम्ही पाच वर्षं काढलीत, तिचं दार तुम्हीच आतून लावून घ्याल. शेतजमीनही नंतर विकत घेता येत नाही. युरोपातच जाऊन राहायचं ठरवलं असेल तर तो वेगळा विषय, आणि ब्रेक्झिटनंतर लंडनचा रस्ताही पूर्वीसारखा राहिलेला नाही. शारजाच्या सीबीएसई शाळेसाठी नागरिकत्व बदलायचं? नको हो.

आता एजंट. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, कुणालाही बघता येते. त्याला उमेदवाराकडून घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये, वर जीएसटी, आणि तीही पावतीवर. तुमचा एजंट मागतोय त्याच्या चौपट. शिवाय अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने वसूल करायचा नाही, असं स्पष्ट आहे. म्हणजे शाळा खरोखरच माणूस शोधत असेल तर व्हिसाचे आणि परमिटचे पैसे शाळा भरेल. तुमच्याकडून ते मागितले जात असतील तर एक तर शाळा कायदा मोडतेय, किंवा शाळेला तुमचं नावही माहीत नाही. दुसरी शक्यता जास्त.

तुमच्यासारख्या दहावीच्या पुढे शिकलेल्यांच्या पासपोर्टला ईसीआरचा, म्हणजे ‘उत्प्रवास परवानगी आवश्यक’ असा शेरा नसतो, त्यामुळे तुम्हाला जाताना उत्प्रवासाची परवानगी लागत नाही. हीच गोष्ट एजंट ‘तुम्हाला काहीच कागदपत्रं लागत नाहीत’ अशी फिरवून सांगतात. परवानगी लागत नाही म्हणजे सरकारी नजर तुमच्या करारावर पडतच नाही. मजुराच्या बाबतीत निदान तो कागद कुणीतरी एकदा बघतो, शिक्षिकेच्या बाबतीत तो तुम्हालाच बघायचा आहे.

टुरिस्ट व्हिसाबद्दल. तिथे गेल्यावर व्हिजिट व्हिसा बदलून रोजगाराचा करता येतो, हे खोटं नाही. तसं झालेली माणसं तुम्हाला भेटतीलही. पण व्हिसा बदलून होण्याआधी वर्गावर जाणं बेकायदा आहे. २०२४च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. एवढा दंड असूनही जी शाळा तुम्हाला टुरिस्ट व्हिसावर बोलावते, ती अडचण आल्यावर ‘आम्ही या बाईंना ओळखत नाही’ म्हणायला किती वेळ लावेल? तिथे जाऊनच शोधायचं असेल तर अमिरातीने २०२२पासून खास नोकरी शोधण्यासाठीचा व्हिसा ठेवला आहे, ६०, ९० किंवा १२० दिवसांचा. पदवीधर शिक्षकांना तो मागता येतो. स्वतःच्या नावावर, कायदेशीर. राहायला नात्यातलं कुणी असेल तर तो पर्याय वाईट नाही. पण मी तुमच्या जागी असते तर घरातून निघण्याआधी नोकरी हातात असावी असाच हट्ट धरला असता.

त्यासाठी हंगाम पकडावा लागतो. सीबीएसई शाळांचं वर्ष तिथेही एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून भरतीची धावपळ डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टच्या शेवटी उघडतात. बऱ्याच शाळा आपल्या वेबसाईटवर जागा टाकतात आणि अर्ज थेट घेतात. एक वही करा, वीस-पंचवीस शाळांची नावं लिहा, कुठे कधी अर्ज केला ते नोंदवा. वेळखाऊ आहे, पण एजंट नेमकं हेच करतो आणि १ लाख २० हजार मागतो.

ऑनलाईन मुलाखतीला बहुतेक ठिकाणी डेमो घेतात. इयत्ता सातवी, विषय ‘आर्टिकल्स’, दहा मिनिटं, असा निरोप आदल्या दिवशी येतो. आपल्याकडची चांगली शिक्षिकाही इथे घसरते. ती व्याख्येपासून सुरू करते, नियम सांगते, अपवाद सांगते, घाम पुसते, वेळ संपते. पडद्यापलीकडचे लोक व्याख्या ऐकत नसतात. मुलं कितव्या मिनिटाला बोलायला लागली, ज्याला जमत नाही त्याला बाईंनी काय दिलं, ज्याला आधीच येतं त्याला काय दिलं, आणि कळलंय की नाही हे शेवटी कसं तपासलं, यावर त्यांचं लक्ष असतं. तर असं करून बघा. चोडणच्या फेरीबोटीचा एक फोटो दाखवा आणि दोन मिनिटांत वर्गाकडून पाच वाक्यं काढून घ्या. मुलं म्हणतील माणूस आहे, स्कूटर आहे, नदी आहे. ती वाक्यं फळ्यावर मांडा आणि ‘अ’ कुठे आला, ‘द’ कुठे आला ते मुलांनाच शोधायला लावा. नियम त्यांच्या तोंडून येऊ दे. मागे राहिलेल्याला तीन रिकाम्या जागा, पुढे गेलेल्याला फोटोतल्या दृश्याचं दुसऱ्या दिवशीचं वर्णन. शेवटी प्रत्येकाने एक वाक्य लिहून द्यायचं. तुम्ही पाच वर्षं तीस-पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळलाय, हे तुम्हाला जमेल. फक्त ते दहा मिनिटांत दिसलं पाहिजे.

उच्चारांसाठी फोनवर स्वतःचा तास रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. इंग्रजांसारखं बोलायची गरज नाही, तसा आव आणला तर उलट हसं होतं. पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हीचं काम आपण एकाच ‘व’वर भागवतो, ‘झेड’ला आपण ‘ज’ करतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. एवढं दुरुस्त झालं तरी पुष्कळ. वर्गात सूचना देताना मध्येच कोकणीत किंवा मराठीत घसरायची सवय असेल तर ती मोडा, कारण तिथल्या वर्गात मल्याळी, तमीळ, उर्दू बोलणारी मुलं एकत्र असतात आणि त्यांच्यात इंग्रजीशिवाय समान असं काही नसतं.

कागदपत्रांना मात्र आजपासूनच हात घाला, कारण नोकरी मिळाल्यावर ते सुरू केले तर शाळा थांबत नाही. पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं, प्रोव्हिजनल चालत नाही. गोवा विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाला गेला नव्हता आणि प्रमाणपत्र अजून तिथेच पडून असेल तर ते आणा. पदवी आणि बीएड दोन्हींवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. पुढची वाट देशानुसार फुटते. ओमान, बहारीन आणि सौदी हे देश अपोस्टिल, म्हणजे सदस्य देशांनी परस्परांत मान्य केलेला शिक्का, मानतात, त्यांच्यासाठी मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. अमिराती, कतार, कुवेत ते मानत नाहीत. अमिरातीसाठी त्यांच्या दूतावासाचा शिक्का आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, असा लांबचा फेरा आहे. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो, तो पासपोर्ट कार्यालयामार्फत निघतो. अनुभवाचा दाखला हेडमास्तरांकडून लेटरहेडवर, रुजू झाल्याची तारीख, कोणते वर्ग, कोणता विषय, हे सगळं घालून घ्या. ‘पाच वर्षं समाधानकारक काम केले’ या एका ओळीने काही होत नाही. दर जूनच्या ऑर्डरींच्या प्रती जपून ठेवल्या असतील अशी आशा करते. दूरशिक्षणाने पदवी घेतलेल्या वाचकांनी मात्र थांबून आधी चौकशी करावी, अशा पदव्या तिथे अनेकदा अडतात.

आणि नावं तपासा. आपल्या जुन्या दाखल्यांवर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर वेगळं, पासपोर्टवर तिसरंच, हे गोव्यातल्या निम्म्या घरांत सापडेल. वडिलांचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की अटेस्टेशनच्या खिडकीवर सगळं अडकतं. दुरुस्तीला महिने लागतात.

तुमच्या कामाच्या मान्यतेचंही जाता जाता सांगते. शारजात खासगी शाळांवर शारजा प्रायव्हेट एज्युकेशन ऑथॉरिटीची देखरेख असते, दुबईत केएचडीएची, अबू धाबीत अडेकची. शाळेने तुमची नेमणूक या प्राधिकरणाकडून मान्य करून घ्यावी लागते. ‘आमच्याकडे ते लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते तुम्हाला कागदोपत्री शिक्षिका न दाखवता दुसऱ्याच कुठल्या पदावर दाखवणार आहेत, असं समजायला हरकत नाही. तसं झालं तर पुढच्या नोकरीला तो अनुभव दाखवता येत नाही.

आता हिशोब. ३,२०० दिरहम, दिरहमला २३ रुपये धरले तर ७३,६०० रुपये. ऐकायला आताच्या तिप्पट वाटतं. त्यातून जेवण, फोन, बस, औषधपाणी, वर्षातून एकदा घरी यायचं तिकीट शाळा देत नसेल तर ते, असं सगळं धरून हात आखडता ठेवला तरी हजार-बाराशे दिरहम जातील. उरले दोन हजार, म्हणजे ४६ हजार रुपये. आता इथल्या २५ हजारांतून तुमच्या हातात किती उरतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरी राहता, म्हणजे दहा-बारा तरी उरत असावेत. तर खरी तुलना ४६ आणि १२ची आहे. चांगला फरक आहे, पण ७३ हजार सगळे हातात उरतील असं स्वप्न बघू नका. आणि एजंटाला १ लाख २० हजार दिले तर पहिले अडीच महिने त्याच्यासाठीच राबाल.

३,२०० हा आकडाही उकलून बघा. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार किती आणि भत्ते किती, हे वेगळं लिहिलेलं असतं. तिथे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांची, आणि वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही. मूळ पगार १,४०० दाखवला असेल तर वर्षाला ९८० दिरहम, २,४०० दाखवला असेल तर १,६८०. एकूण पगार तोच, पण हातात येणारा शेवटचा पैसा जवळजवळ पावणेदोनपट. हे विचारायला लाजू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीतला पगार मिळतो का, तिकीट दरवर्षी की करार संपल्यावर, खोलीत किती जणी, आठवड्याला तास किती, हेही विचारा. प्रोबेशन कायद्याने सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं, पण त्या काळात १४ दिवसांच्या लेखी नोटिशीवर काढून टाकता येतं, हे लक्षात असू द्या. आरोग्य विमा मालकाने द्यायचा, २०२५पासून शारजालाही तो सक्तीचा आहे. पासपोर्ट तुमच्याजवळच राहिला पाहिजे. ‘सुरक्षित राहावा म्हणून’ तो ऑफिसात ठेवून घेणं तिथल्या कायद्यात बसत नाही.

आणि आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. इथे कुणी शिक्षिका म्हणून मोजत नाही, असं तुम्ही लिहिलंत. बाकी सगळे प्रश्न पैशाचे होते, हा एक नव्हता, आणि मला वाटतं पत्र याच्यासाठीच लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये कायम झालेल्यांची खुर्ची वेगळी, पेपर तपासायला मात्र कंत्राटवाले पुढे, हे मला कुणी सांगायला नको. पण या दुखण्यावर शारजा हे औषध नाही. अमिरातीत २०२२मध्ये लागू झालेल्या कायद्यापासून खासगी क्षेत्रातले सगळे करार मुदतीचेच असतात. तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की ठरावीक दिवसांत दुसरी शोधायची किंवा परत यायचं. पंचवीस वर्षं शिकवलेली बाईसुद्धा तिथे मुदतीवरच असते. म्हणजे तुम्ही जूनच्या ऑर्डरीला कंटाळून ज्या ठिकाणी निघाला आहात तिथे फक्त ऑर्डरच आहे. तिथे पैसा मिळेल, मोठ्या शाळेची शिस्त शिकाल, वेगवेगळ्या मुलांना शिकवल्याने हात तयार होईल. कायमपणा मिळणार नाही. तो मिळाला तर इथेच मिळेल, किंवा कुठेच नाही.

म्हणून जायचं असेल तर नेमकं कशासाठी ते ठरवून जा. माझ्या मते तुमच्या बाबतीत ते सोपं आहे. सोसायटीचं कर्ज किती शिल्लक आहे, वडिलांच्या औषधपाण्यासाठी किती रक्कम बाजूला असावी, यांची बेरीज करा आणि तिला ४६ हजारांनी भागा. उत्तर दोन-तीन वर्षांच्या आत येत असेल तर जाण्यात अर्थ आहे, असं मी म्हणेन. सात-आठ वर्षं येत असेल तर गणित पुन्हा बघा. त्या काळात इथल्या भरतीच्या जाहिराती वाचणं सोडू नका, अर्ज तिथूनही भरता येतो. गोव्यातल्या नोकऱ्यांना कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट असतं, ते दोन्ही तुमच्याकडे आहेच.

जाणं जमलं नाही किंवा नको वाटलं तरी इंग्रजी शिकवण्याचे पैसे इथेही मिळतात. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग म्हापसा-पणजीला चालतात आणि त्यांना चांगली माणसं मिळत नाहीत. शनिवार-रविवारचे तास घेऊन बघा. डेमोचा सरावही होईल.

आईशी बोलताना लग्नाचा मुद्दा टाळू नका, आणि त्यावर भांडूही नका. शिक्षिकेची नोकरी आणि स्वतःची बचत असलेली मुलगी तीन वर्षांनी लग्नाच्या बाजारात कमी पडते असं मला वाटत नाही, पण आईला वाटत असेल तर तिची ती भीती खरी आहे. ज्याच्यावर वाद होणार ती गोष्ट वेगळीच निघते बघा. चवथीला, म्हणजे गणपतीला, यायला मिळणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तिथल्या शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नुकत्याच उघडलेल्या असतात आणि रजा मिळत नाही. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी तुमच्याशिवाय बांधावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवा. बायपासनंतर वडिलांना तपासणीला कोण नेणार, हेही भावाशी बसून तारखांसकट ठरवा. भाऊ शिफ्टला असतो, ‘बघू’ म्हणून भागणार नाही.

एजंटाला आज संध्याकाळी एवढंच लिहा की ई-मायग्रेटवरचा तुमचा नोंदणी क्रमांक, शाळेचं नाव आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरून माझ्या नावाने आलेलं ऑफर लेटर पाठवा, ते मिळाल्यावर पुढचं बोलू. फोनवर बोलू नका, लेखीच ठेवा. तिन्ही गोष्टी आल्या तर शाळेच्या वेबसाईटवरचा नंबर शोधून तिथे स्वतः फोन करून खात्री करा, एजंटाने दिलेल्या नंबरवर नव्हे. शाळा खरी निघाली तर पुढचा व्यवहार थेट शाळेशी.

तिथे गेल्यावर बँकेत तिथली कमाई ठेवायला एनआरई खातं उघडा आणि इथलं सध्याचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या, हे बरेच जण विसरतात. तिथे काही अडलं तर दूतावासाकडे दाद मागायला परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, आणि पणजीत गोवा सरकारचं अनिवासी भारतीयांसाठीचं आयुक्त कार्यालयही आहे. त्यांचे पत्ते भावाच्या फोनमध्येही असू द्या.

तुमचा पासपोर्ट येत्या मार्चमध्ये संपतोय असं पत्रात ओझरतं लिहिलंय. अर्जांना हात लावण्याआधी पणजीच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊन तो नवा करून घ्या, आणि स्पेलिंगची काही दुरुस्ती असेल तर ती त्याच अर्जात करा. पोलिसांचा दाखला नव्या पासपोर्टच्या क्रमांकावरच काढा, नाहीतर तो दुसऱ्यांदा काढावा लागेल.